जुनी रेसिंग सायकल: ओळखायची कशी, ठेवायची की काढायची?

अर्धापेडल: मामांच्या माळ्यावरून एक रेसिंग सायकल खाली आली आहे. खाली वळलेलं हँडल, गिअरचे लिव्हर फ्रेमच्या तिरक्या नळीवर, मागे सहा चकत्या. कंपनीचं नाव पूर्ण उडालंय, सीटखालच्या नळीवर अर्धा स्टिकर उरलाय, त्यावर '५३१'. टायरवर २७ × १ १/४. ही कधीची, आणि हिचं काय करावं? भाचीला रोज कॉलेजला जायला द्यायचा विचार आहे. नव्या साध्या सायकलच्या किमतीच्या चौथाईहून जास्त घालणार नाही. सीट वरखाली होत नाही, जाम आहे.

नवीकोरी: नवीच घ्या हो. माझी कार्बनची आहे, दोन बोटांवर उचलते. जुन्या लोखंडात पैसे घालून कुणाचं भलं झालंय?

अर्धापेडल: चौथाई म्हणालो ताई.

तेलकटहात: नाव गेलं तरी पार्ट बोलतात. मागच्या डिरेलरवर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) शिमानो कंपनीचं नाव असेल तर त्याच्या आतल्या बाजूला दोन रोमन अक्षरं कोरलेली शोधा. पहिलं अक्षर वर्ष, दुसरं महिना. ए म्हणजे १९७६, तिथून मोजत जा. पार्ट बदललेला नसेल तर फ्रेमही त्याच सुमाराची.

५३१वाला: स्टिकरला हात लावू नका!! रेनॉल्ड्स ५३१, म्हणजे रेनॉल्ड्स कंपनीची फ्रेमसाठीची नामी पोलादी नळी, १९३५ पासूनची. माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही मूळ रंगात. फक्त तीन मुख्य नळ्या ५३१ च्या असल्या तर स्टिकरवर तसं लिहिलेलं असतं, फोर्कसकट (पुढचं चाक धरणारा चिमटा) सगळ्या असल्या तर तसं. तुमचा नेमका तोच अर्धा फाटलाय. रंग तर अजिबात देऊ नका, किंमत जाते.

चढणखोर: स्टिकर कोणीही चिकटवतो. सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, २७.२ मिमी जाडीचा निघाला तर चांगल्या नळीची शक्यता.

अर्धापेडल: तो जाम आहे.

उगाचएक: बर्नर लावा, सुटतो.

तेलकटहात: अहो, पोस्ट अ‍ॅल्युमिनियमचा असणार. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोन्ही तापले की आणखी घट्ट बसेल. उलट गार करा, बर्फ लावा. आधी गंज सोडवणारं तेल सोडून सायकल रात्रभर उलटी ठेवा, मग सीट धरून पिळा. हातोडी नको.

उगाचएक: माझा बर्नरनेच सुटला होता.

चढणखोर: आणि रंगाचं काय झालं?

उगाचएक: रंग तसाही जुना होता.

नवीकोरी: हेच म्हणत होते मी.

चढणखोर: पैसे घालण्याआधी हेडट्यूबच्या (हँडल बसतं ती पुढची आखूड नळी) मागे, तिरक्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला तर समोरून धडक बसली आहे. फोर्क बाजूने बघा, मागे दबलेला नको. हे असेल तर विषय संपला, भिंतीला टांगा.

सातशेसी: चाकंच बदला. २७ इंची रिम ६३० मिमीची, हल्लीच्या ७०० सी मापाची ६२२. आकड्यावर जाऊ नका, २७ च मोठी. ब्रेकचे गट्टे ४ मिमी खाली सरकले की झालं. टायर कुठेही मिळतील. मागचं चाक बसतं तिथली फ्रेमची रुंदी १२६ मिमी असेल, ती १३० पर्यंत ताणून घ्या म्हणजे नवं हब (चाकाचा मधला तुंबा) बसेल. माझ्या सायकलला आता मागे दहा चकत्या आहेत, ब्रेकमध्येच गिअर.

तेलकटहात: ताणायचं ते फक्त लोखंडी फ्रेमला, हे लिहीत जा. आणि चाकं, हब, लिव्हर धरले तर त्यांची चौथाई कधीच संपली.

सातशेसी: एकदाच खर्च होतो.

५३१वाला: १२६ ला हात लावणं म्हणजे गुन्हा आहे.

आळशीघंटी: वरचं सगळं वाचलं नाही. टायर कडक झाले असतील, ते आधी बदला. रिमला चुंबक लावून बघा. चिकटलं तर रिम लोखंडी, पावसात ब्रेक लागतच नाही. भाचीला सांगून ठेवा.

गिअरनको: सगळे गिअर काढून सिंगल स्पीड करा. कटकट नाही.

चढणखोर: तिच्या कॉलेजच्या वाटेला चढ आहे का ते तरी विचारा.

अर्धापेडल: आहे, दमदार. सगळ्यांचे आभार. कोड 'के' 'एफ' निघाला, म्हणजे जून १९८६. नळीला सुरकुती नाही, चुंबक चिकटलं नाही. सीटपोस्ट बर्फाने नाही, तेलाने सुटला, २६.६ चा निघाला. टायर-ट्यूब, ब्रेकचे गट्टे, वायरी, चेन नवीन. चाकांचा आऊट काढून घेतला, हबात ग्रीस भरलं. गिअर होते तसेच. भाचीला पिवळी हवी होती, पिवळी केली.

५३१वाला: स्टिकर?

अर्धापेडल: खरवडला.

५३१वाला: 🙏 या धाग्यावर परत येणार नाही.

सातशेसी: टायर २७ चेच घेतलेत की काय?

अर्धापेडल: हो. दोन जास्तीचे घेऊन ठेवलेत.