टीपी स्कीम: मूळ भूखंडाचं क्षेत्र सातबाऱ्यावरून धरायचं की मोजणीवरून?

प्रश्न: बांधावरून

शहराच्या कडेच्या गावात साधारण शंभर हेक्टरची नगररचना योजना (टीपी स्कीम: सगळ्यांची जमीन एकत्र धरून, रस्ते-सुविधांना जागा काढून, उरलेली नव्या भूखंडांत मालकांना परत देणं) आखायची आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम ६० खाली इरादा जाहीर झालाय, मूळ भूखंडांचा (ओपी) नकाशा बसवणं चालू आहे. सातबाऱ्यांची बेरीज १०२ हेक्टर येते आणि ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्राच्या मोजणीत ९८.५ हेक्टर भरतात. मालकांना ४० टक्के जमीन परत द्यायची आहे, पण ४० टक्के नेमके कशाचे? शिवाय गटनकाशा उपग्रह-चित्रावर टाकला की काही बांध जुळतात, काही पाच-सहा मीटर सरकतात. नकाशा ताणून बसवावा का? आणि अंतिम भूखंड (एफपी) आखायला सुरुवात कुठून करायची?

उत्तर: शंकू_साखळी

नकाशा ताणू नका. ताणला की पडद्यावर सगळं सुरेख जुळतं, पण प्रत्येक गटाचा आकार आणि क्षेत्र थोडं थोडं बदलतं, आणि ते कुठे बदललं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. लवादासमोर (योजनेचे दावे ठरवणारा अधिकारी) सुनावणीत पहिला वार तिथेच होतो.

गावनकाशा १:५००० चा असेल तर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर अडीच मीटर होते. दोनशे मीटरच्या बांधावर तेवढ्यानेच ५०० चौ.मी., म्हणजे जवळपास पाच गुंठे इकडचे तिकडे. म्हणून नकाशावरची रेघ फक्त शेजार कळण्यापुरती वापरा. अंतरं घ्यायची ती टिपणावरून (मूळ मोजणीचा अंतरं लिहिलेला कच्चा नकाशा) आणि फाळणीवरून (पोटहिश्श्यांच्या मोजणीचा नकाशा), क्षेत्र पडताळायचं ते गुणाकार बुकावरून (क्षेत्राचा हिशेब मांडलेली वही). एक गोष्ट हमखास चुकते: टिपणावरची साखळी ३३ फुटांची आणि १६ आण्यांची असते. संगणकावर बसलेला मुलगा तिला ६६ फुटांची इंग्रजी साखळी समजला की सगळा गट दुप्पट लांबीचा होतो. ही चूक लगेच दिसते तरी. आण्याचा आकडा दशांश म्हणून भरला (७ साखळ्या ८ आणे म्हणजे ७.८ असं) तर मात्र दिसत नाही, कारण फरक तीन मीटरांचाच पडतो. ८ आणे म्हणजे अर्धी साखळी, ७.५.

बसवताना आधी गावाच्या शिवेचे दगड पकडा, विशेषतः तीन गावांच्या शिवा मिळतात ते. मग जुनी विहीर, देऊळ, नाल्यावरची मोरी अशी न हललेली ठिकाणं. या बिंदूंवर गावठाण आणि शीव बसली की आत गट टिपणाच्या अंतरांनी बांधत या. जिथे टिपणाची रेघ आणि जागेवरचा बांध वेगळे पडतात तिथे दोन्ही रेघा ठेवा आणि फरक तक्त्यात लिहा. तो फरक कधी अतिक्रमण असतो, तर कधी भावाभावांत तोंडी झालेली अदलाबदल.

१०२ आणि ९८.५ चं कोडं गटवार सोडवा. आधी सातबारा आणि आकारबंद (भूमी अभिलेखची गटवार क्षेत्र आणि आकारणीची नोंदवही) ताडून पाहा. दोन्ही जुळत नसतील तर बहुतेक वेळा लिहिताना झालेली चूक निघते. तशा लेखनचुकीला जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्ती आहे, आणि क्षेत्रातला खरा बदल असेल तर भूमी अभिलेखकडून कमी-जास्त पत्रक (क्षेत्रबदलाची नोंद करणारा कागद). मग पोटखराबा पाहा. 'अ' वर्ग म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, ती मालकाचीच. 'ब' वर्ग रस्ता, नाला, वहिवाटीची वाट अशा सार्वजनिक कामासाठी राखलेला असतो. तो सरसकट मिळवू नका आणि सरसकट वगळूही नका, प्रत्येक ठिकाणी निर्णय लेखी ठेवा. तिसरं, जुन्या रस्त्यासाठी किंवा कालव्यासाठी संपादन होऊन फेरफार न झालेले तुकडे. साडेतीन हेक्टरांतला बराच भाग याच तीन ठिकाणी सापडेल.

उत्तर: एफपी_आधी_रस्ता

वरच्या उत्तराला पूर्ण सहमती. ही पायरी टाळली तर काय होतं, तो हिशेब मांडतो. कागदावरच्या १०२ हेक्टरचे ४० टक्के म्हणजे ४०.८ हेक्टर परत द्यायचं कबूल केलं. जागेवर आहेत ९८.५. म्हणजे रस्ते, बागा, शाळा, दुर्बल घटकांची घरं आणि विक्रीचे भूखंड या सगळ्यांना मिळून ५७.७ हेक्टर उरले, हवे होते ५९.१. तुटीचे १.४ हेक्टर रस्त्यातून काढता येत नाहीत, कारण रस्त्याची रुंदी कुणी कमी करू देत नाही. ते खेळाच्या मैदानातून जातात. दरवेळी मैदानच जातं, आणि एकदा गेलं की त्या वस्तीला पुन्हा कधी मिळत नाही.

एफपी आखताना क्रम असा ठेवा: नाला आणि उतार, मग उच्चदाब वाहिन्या (२२० केव्हीच्या मार्गाला ३५ मीटर पट्टा सोडावा लागतो), मग विकास योजनेचे रस्ते, मग आतले रस्ते, आणि शेवटी भूखंड. वाहिनीखालचा पट्टा मालकाच्या एफपीत कधीच घालू नका. तो रस्ता किंवा हिरवा पट्टा करा, पण मुलांचं मैदान म्हणून दाखवू नका.

दोन रस्त्यांमधली खोली आधी ठरवा. पाठीला पाठ लावून दोन ओळी बसतात, त्यामुळे भूखंड ४५ मीटर खोल असतील तर ९० मीटर. इथे ११० मीटर ठेवले की मध्ये रस्ता न लागणारा पट्टा उरतो आणि मग तिरके, चिंचोळे भूखंड निघतात. चौकातला कोपऱ्याचा काप क्षेत्र काढण्याआधी कापा. ६ बाय ६ चा काप १८ चौ.मी. खातो. मोठ्या भूखंडाला ते काहीच नाही, पण १२० चौ.मी.च्या भूखंडाला १५ टक्के आहे.

लहान मालकांवर खरा वेळ घाला. तीन गुंठ्यांचा (३०० चौ.मी.) माणूस ४० टक्क्यांनी १२० चौ.मी.वर येतो. ८ बाय १५ चा तुकडा, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडलं की रुंदीला ५ मीटर. अशांना एका रांगेत, सामायिक भिंतीची घरं बांधता येतील असे लागून भूखंड द्या, किंवा संमती असेल तर चार-पाच जणांचा मिळून एक. ओपीवर उभं घर असेल तर एफपी त्याच्याभोवतीच आखा. विहिरीचंही तेच.

एकाच खातेदाराचे दोन गट एकत्र करताना सातबाऱ्यावरची सगळी नावं आणि हिस्से जुळतात का ते पाहा. भोगवटादार वर्ग २ ची (परवानगीशिवाय विकता न येणारी) किंवा देवस्थान इनामाची जमीन वर्ग १ मध्ये मिसळू नका. इतर हक्कातलं कूळ आणि बँकेचा बोजा हे एफपीबरोबर जसेच्या तसे पुढे जातात. ते फॉर्म १ च्या (प्रत्येक मालकाच्या ओपी-एफपीचं वाटप आणि मूल्यांकन मांडणारा तक्ता) शेऱ्यात आले नाहीत तर पुढे मालमत्ता पत्रक तयार होताना गळतात.

प्रश्न: बांधावरून

फार उपयोगी. फॉर्म १ चा विषय निघालाच आहे, तर मालक विचारतात, "साठ टक्के जमीन घेता, वर पैसेही मागता?" याचं सरळ उत्तर कसं द्यावं?

उत्तर: शंकू_साखळी

आकडा समोर ठेवून. समजा ओपी ४,००० चौ.मी., अविकसित दर ३,००० रुपये, म्हणजे किंमत १ कोटी २० लाख. एफपी १,६०० चौ.मी., त्याच दराने ४८ लाख. फरक ७२ लाख, ही मालकाला देय भरपाई. योजना पूर्ण झाल्यावरचा दर १२,००० धरला तर एफपीची किंमत १ कोटी ९२ लाख. वाढ १ कोटी ४४ लाख. तिच्या निम्मं, म्हणजे ७२ लाख, अंशदान (मालकाने योजनेच्या खर्चासाठी द्यायचा वाटा). देणं-घेणं शून्य. विकसित दर १०,००० निघाला तर मालकाला १६ लाख मिळतात, १५,००० निघाला तर त्याने २४ लाख भरायचे. दोन्ही दर इरादा जाहीर झाल्याच्या तारखेचे हवेत. एक दर त्या दिवसाचा आणि दुसरा आजच्या रेडी रेकनरचा (सरकारी दरतक्ता), ही चूक झाली की वाढ फुगते आणि मालक विनाकारण देणेकरी होतो.

शिवाय नैनासारख्या (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं क्षेत्र) योजनेत ४० टक्के परत देताना एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम चालतं तो आकडा) २.५ ठेवला, कारण ४० गुणिले २.५ म्हणजे १००. मूळ जमिनीइतकं बांधकाम एफपीवर राहतं. हे सभेत फळ्यावर लिहून दाखवा.

उत्तर: साबरमतीकाठी

गुजरातचा अनुभव जोडते. तिथल्या कायद्यात वाटणी ढोबळमानाने लिहिलेली आहे: रस्त्यांना १५ टक्के, बागा-मैदानांना ५, सामाजिक सुविधांना ५, विक्रीला १५, शिवाय दुर्बल घटकांच्या घरांसाठी १० टक्क्यांपर्यंत. पण सगळ्यांना एकच टक्का लावलाच पाहिजे असं नाही. २००१ च्या भूकंपानंतर भुजच्या जुन्या शहरात मालकाच्या जमिनीतली कपात पायऱ्यांनी ठेवली. ३० चौ.मी.पर्यंतच्या भूखंडाला काहीच नाही, पुढे क्षेत्राबरोबर वाढत ५०० च्या वर ३५ टक्के. लहान मालकांबद्दल वर जे लिहिलंय त्याचं हे जास्त न्याय्य उत्तर आहे असं मी ठामपणे म्हणेन.

जपानमध्ये हीच पद्धत १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोत वापरली, तेव्हा १० टक्क्यांपर्यंतची कपात विनामोबदला होती. तिथली घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तात्पुरता नवा भूखंड: अंतिम नोंदणीआधीच मालकाला नव्या जागेचा वापर मिळतो. आपल्याकडे प्रारूप योजना मंजूर झाली की कलम ६८-अ मुळे रस्त्यांची जमीन प्राधिकरणाकडे येते, पण मालकाच्या हातात एफपीचा ताबा कधी, हे अधांतरी राहिलं की तो रस्त्याचं काम अडवतो. दोन्ही ताबे एकाच दिवशी, एकाच पंचनाम्यात करा.

उत्तर: एफपी_आधी_रस्ता

पायऱ्यांची कपात मान्य, पण मग मोठ्यांची कपात किती वाढते ते आधीच जाहीर करा. ३० दिवसांच्या हरकतींत ते कळलं तर निम्म्या हरकती त्याच्याच येतील.

आणि एक: प्रत्येक मालकाला आपापला अर्धा पान नकाशा द्या. ओपी हिरव्या रेघेत, एफपी लाल, दोन्हींचं क्षेत्र चौ.मी. आणि गुंठे असं दोन्हींत, चारही बाजूंची लांबी, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि उत्तर दिशा. भिंतीवर लावलेल्या शंभर हेक्टरच्या नकाशात माणसाला स्वतःची विहीर सापडत नाही, म्हणून त्या अर्ध्या पानावर विहीर काढायला विसरू नका.