रेशमी साडीला नेहमीची पावडर नको

रेशमी साडी घरी धुताना नेहमीची पावडर चिमूटभर घातली तर चालते, असं काही जण सुचवतात. कृपया तसं करू नका. रेशीम हे प्रथिन आहे, आपल्या केसांसारखंच. डाग काढणाऱ्या बऱ्याच पावडरींमध्ये प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. दुधाचा, रक्ताचा डाग त्यांच्यामुळेच सुटतो, पण ती रेशमाच्या धाग्यालाही सोडत नाहीत. माझ्या लग्नातली बिनजरीची साडी अशीच तीन-चार धुण्यांत मलूल झाली. त्याची हळहळ अजून वाटते.

आता मी केसांचा सौम्य शांपू किंवा रिठ्याचं गाळलेलं पाणी वापरते. पाणी गार, आणि साडी भिजत ठेवायची नाही. त्याआधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून पाहते. रंग लागला तर साडी थेट ड्रायक्लीनला. पिळायचं तर मुळीच नाही. जुन्या टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत वाळवायची.

जरीची पैठणी मात्र मी घरी धुतच नाही. ती नेसून झाली की रात्रभर वाऱ्यावर टाकते, मग मलमलच्या कापडात बांधते. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो आणि जरीचे धागे काळे पडतात. दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालते. आईची एक पैठणी बरोबर घडीच्या रेषेवरच चिरली होती, बाकी सगळी शाबूत. अत्तरही साडी नेसण्याआधीच लावते.