पहिलीच खाऱ्या पाण्याची टाकी करतोय, मामा तारकर्लीहून पाणी आणि कोरल (प्रवाळ) पाठवतो म्हणतोय

गप्पीवाला_डोंबिवली:

नमस्कार मंडळी, सहा वर्षं गोड्या पाण्याच्या टाक्या केल्या, गप्पी, एंजल, मध्ये एकदा डिस्कस पण (ते मेले, तो विषय नको). आता मुलीच्या हट्टापायी रीफ टँक, म्हणजे कोरलवाली टाकी, करायचं ठरवलंय. टाकी आहेच, ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दुकानदार म्हणतो १५ दिवसांत मासे, कोरल सगळं टाकून चालू करून देतो. आणि आजोळ तारकर्लीला असल्यामुळे मामा म्हणतो की विकतचं मीठ कशाला, मी कॅन भरून समुद्राचं पाणीच पाठवतो, दगड पण देतो आणि स्नॉर्कलिंगवाल्या पोरांना सांगून दोन-चार कोरल काढून आणतो. फुकटात काम होतंय तर करू का? घरी आरओ आहे. मुलीला क्लाउन आणि तो निळा टँग दोन्ही मासे हवेत.

खारंपाणी:

दादा, आधी दुकानदाराचे १५ दिवस विसरा. टाकीत माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जंतू वसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, गोड्या पाण्यातही हेच असतं पण तिथे गप्पी सोसतात म्हणून आपल्याला कळत नाही. मी सुरुवातीला जंतूंना अमोनिया मिळावा म्हणून बाजारातली एक कोलंबी जुन्या मोज्यात बांधून सोडली होती, चार दिवसांनी हॉलमध्ये असा वास सुटला की बायको म्हणाली टाकी राहील नाहीतर मी. त्यापेक्षा बाटलीतलं अमोनियम क्लोराइड आणि बाटलीतले बॅक्टेरिया बरे. अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) करायचा आणि तो २४ तासांत शून्य झाला, नायट्राइट पण शून्य, की टाकी तयार. मग मोठा वॉटर चेंज करून नायट्रेट खाली आणा आणि मगच मासे.

आता पाणी. घरचा आरओ तसाच वापरू नका, बहुतेक घरगुती मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. शिवाय मिनरल कार्ट्रिज. दोन्ही बायपास करून पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणारा) डबा लावा, टीडीएस मीटरवर ० यायला हवा, नाहीतर फॉस्फेट-सिलिकेट आत जातं आणि मग वर्षभर शेवाळ घासत बसा. मीठ रीफचंच घ्यायचं, स्वयंपाकघरातलं नाही. लिटरला साधारण ३६ ग्रॅम धरा. तुमच्या टाकीचं माप १९० लिटर येतं पण दगड-वाळू धरून खरं पाणी दीडशेच्या आसपास, म्हणजे सुरुवातीला साडेपाच किलो मीठ. खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) म्हणजे घनतेत १.०२६, आणि तो रिफ्रॅक्टोमीटरनेच (थेंबातून प्रकाश किती वळतो ते बघणारं यंत्र) मोजा, काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर थापा मारतो. पाणी उडतं तेव्हा मीठ मागे राहतं, त्यामुळे रोजची भर साध्या आरओ-डीआय पाण्याची घालायची, खाऱ्याची नाही!! ही चूक मी दोन महिने केली होती.

अजून एक, उन्हाळा. डोंबिवलीत मे महिन्यात पाणी आरामात ३२ ला जाईल, कोरलला २५-२६ हवं. पंखा लावला तर २-३ डिग्री उतरतं पण पावसाळ्यात हवाच ओली असते तेव्हा पंख्याचा काही उपयोग नाही. मी तीन वर्षं चिलर (पाणी गार करणारं मशीन) टाळला आणि शेवटी टाकीपेक्षा महाग चिलर घेतला.

कर्लीकाठचो:

मी तारकर्लीच्या शेजारच्या देवबागचो, माका विचारशात तर कोरलाक हात लावू नकात आणि मामाक पण सांगा.

गंमत नाही, नीट लिहितो. दगडी कोरल, सी फॅन (पंख्यासारखं कोरल), काळं कोरल हे वन्यजीव कायदा १९७२ च्या शेड्यूल १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच कोरलला. वर मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मेलेला तुकडा शोकेसमध्ये ठेवला तरी गुन्हा होतो. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी वरळी-हाजीअलीचे कोरल हलवायला वनखात्याची परवानगी काढावी लागली होती, आणि इथे स्नॉर्कलिंगवाली पोरं पायाने मोडतात ते वेगळंच. त्या पोरांचं पोट त्याच कोरलवर आहे हे त्यांना कळलं तरी पुष्कळ. दुकानातलं कोरल घेताना पण आयातीचं बिल आणि कागद मागा, "सर चिंता मत करो" म्हणाला तर उठून या.

पाण्याचं म्हणाल तर किनाऱ्यालगत कर्लीच्या खाडीचं गोडं पाणी मिसळतं, पावसाळ्यात तर खारेपणा पारच उतरतो, आणि होड्यांचं डिझेल असतंच. मी समुद्राला दगड मारण्याच्या अंतरावर राहतो आणि माझ्या टाकीत पिशवीतलं मीठ आहे, घरचे हसतात.

टँगप्रेमी_माजी:

निळा टँग फूटभर वाढतो. ३ फुटात नको. माझा पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने गेला आणि जाताना बाकीच्यांना घेऊन गेला. नवे मासे आधी वेगळे ठेवायला दुसरी क्वारंटाइन टाकी ठेवा, आणि औषधातलं तांबं मेन टाकीत कधीच नाही, गोगलगाई-कोलंब्या सगळं मरतं.

खारंपाणी:

टँगचं खरंय. दोन क्लाउन घ्या, तेही हॅचरीत वाढवलेले, समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा टिकतात. आपल्याकडे ऐरोलीला सरकारी कांदळवन प्रतिष्ठानने क्लाउनची हॅचरी केलीय. आणि अ‍ॅनिमोन (क्लाउन ज्यात राहतो तो फुलासारखा प्राणी) लागतोच असं नाही, माझी जोडी पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) मागे झोपते. दगड कोरडाच विकत घ्या. कुणाकडून जुना दगड मिळाला तर गोड्या पाण्यातल्या लाकडासारखा उकळू बिकळू नका, त्यावर झोआ (कोरलसारखे छोटे प्राणी) असले तर वाफेबरोबर पॅलिटॉक्सिन हे जहाल विष हवेत येतं, लोक घरच्यांसकट आयसीयूत गेलेत. पहिल्या महिन्यात सगळं तपकिरी होईल, ते डायटम (सूक्ष्म शेवाळ), घाबरायचं नाही, आपोआप जातं. कोरल तीन-चार महिन्यांनी, तेही आधी मऊ, मश्रूम वगैरे.

वजन बघितलंत का? पाणी, काच, दगड, स्टँड मिळून ३०० किलोच्या घरात जाईल. बीमजवळच्या भिंतीला लावून ठेवा, खोलीच्या मधोमध नको. आणि लाइट गेली तर किमान पाणी हलवणारा वेव्हमेकर इन्व्हर्टरवर, कारण पाणी हललं नाही की ऑक्सिजन संपतो.

गप्पीवाला_डोंबिवली:

बापरे. सगळ्यांचे आभार, मामाला फोन केला, कोरल कॅन्सल, तो जरा चिडला की "आमच्या लहानपणी कोण विचारत होता". मुलीला टँग नाही हे अजून सांगितलं नाही. पण एक घोळ आहे, पाण्याचे सहा कॅन त्याने कालच रात्रीच्या बसने टाकलेत, सकाळी डोंबिवलीत उतरवून घेतले. आता त्याचं काय करू?

कर्लीकाठचो:

झाडांना घालू नका फक्त.

खारंपाणी:

बेसिनमध्ये ओता आणि कॅन दोन-तीनदा धुवून ठेवा. आरओचं पाणी साठवायला आणि दर आठवड्याला मीठ कालवायला तेच लागणार आहेत. आधी त्यात डिझेल नव्हतं ना, तेवढं मामाला विचारा.