स्ट्रोकनंतर नुसत्या फिजिओने भागत नाही
"फिजिओ चालू असेल तर ओटीची (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे जेवण, दाढी अशी रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) वेगळी गरज नाही, मणी ओवायचे खेळच असतात ते" हे काहींचं मत मला अर्धंच पटलं. हातापायात ताकद फिजिओने येते हे खरंय, पण स्ट्रोक मेंदूच्या उजव्या बाजूला असेल तर बऱ्याचदा डोळे चांगले असूनही डावीकडचं काही पेशंटच्या लक्षातच येत नाही. आमचे काका ताटातली उजवीकडची भाजी-आमटी संपवायचे आणि कोशिंबीर वाढलीच नाही म्हणून काकूवर चिडायचे, दाढीसुद्धा अर्धीच!! ओटीच्या मॅडमनी टेबलाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावायला सांगितली, जेवताना काय, पेपर वाचताना काय, आधी मान वळवून ती पट्टी शोधायची मग सुरुवात. आता ताट स्वतःच फिरवून बघतात, पण रस्ता क्रॉस करताना डाव्या बाजूला कोणीतरी अजून लागतंच.