डिप्लोमावाल्यांचा रेझ्युमे
फ्रेशरच्या रेझ्युमेत 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे सुरुवातीला आपलं ध्येय सांगणाऱ्या ओळी, हव्यातच, हे मत मला पटत नाही. त्या चार ओळी सगळ्यांच्या सारख्याच असतात. पुण्याजवळच्या चाकण-भोसरीच्या कारखान्यांत अर्ज करणाऱ्या मेकॅनिकल डिप्लोमावाल्याने ती जागा प्रत्यक्ष येणाऱ्या कामाला द्यावी. नुसतं 'सीएनसीचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे) ज्ञान' लिहू नका. मशीन चालवणारी कंट्रोल सिस्टिम कोणत्या कंपनीची हाताळली, फानुक की सीमेन्स, ड्रॉइंग वाचता येतं का, मायक्रोमीटरने माप घेता येतं का, अप्रेंटिसशिपमध्ये कोणता पार्ट काढला, हे सगळं येऊ द्या. सुपरवायझर तेच शोधत असतो. धर्म, वैवाहिक स्थिती, शेवटचं 'वरील माहिती खरी आहे' हे डिक्लरेशन बिनधास्त काढून टाका. आणि नोकरीच्या पोर्टलवर टाकायची फाइल साध्या एका कॉलममध्येच ठेवा. दोन कॉलमच्या नक्षीदार टेम्पलेटमधला मजकूर रेझ्युमे वाचणारं सॉफ्टवेअर कधीकधी उलटसुलट वाचतं.