मंगळवारी सकाळी ट्रॅकवर जे झालं त्याबद्दल

मंगळवार

देशपांडे काकू ए-२०४ (७:५२): नमस्कार. आज सकाळी सव्वासहाला लिमये काका बी विंगमागच्या वळणावर खाली बसलेले दिसले, घामाने चिंब, हात थरथरत होते. मला ओळखेनात. म्हणाले तू कधी आलीस गं वाईहून. मी वाईची नाही, मी मिरजेची. वॉचमनने खुर्ची आणली, कदम मॅडम धावत आल्या म्हणून निभावलं. आता बरे आहेत, मुलीला कळवलंय. पण स्पष्ट बोलते, ह्या ग्रुपवर रोज पहाटे जे डाएटचे धडे चालतात ना ते बंद करा. मी कुणाचं नाव घेत नाहीये.

रोहन ए-६०२: काकू नाव नाही घेतलं पण फ्लॅट नंबर सांगितल्यासारखंच झालं 😄

साठे काका सी-१०२: माझ्याबद्दल असेल तर समोर बोलावे. मी स्वतः १० महिन्यांत १४ किलो कमी केलंय, सगळ्यांनी बघितलंय. दिवसातून दोनच वेळा जेवण, मधे काही नाही आणि ४५ मिनिटं चालणं. लिमये आपण होऊन माझ्याकडे आले होते, मी कुणाच्या दारात गेलो नव्हतो.

नाईक बी-१०४: त्या वळणावरचा दिवा तीन महिने बंद आहे.

पाटील सेक्रेटरी: लिमये काकांना लवकर आराम पडो ही प्रार्थना 🙏 सर्व सभासदांना नम्र विनंती, ग्रुपचा वापर सोसायटीच्या कामासाठीच करावा.

देशपांडे काकू: माणूस ट्रॅकवर पडतो हे सोसायटीचं काम नाही का पाटील? मेंटेनन्सची आठवण बरी रोज येते.

कदम मॅडम सी-४०४: काकांना विचारूनच लिहितेय. शुगर ५२ होती. ७० च्या खाली गेली की लो म्हणतात. शुद्धीत होते, गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, १५ मिनिटांनी परत मोजली तर ८८, मग पोळी खायला लावली. सगळ्यांनी लक्षात ठेवा, अशा वेळी साखर, ग्लुकोज किंवा साधं कोल्ड्रिंक, डाएटवालं नाही. वॉचमनदादा क्रीमचं बिस्कीट देत होते, भावना चांगली आहे पण त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात पोचायला उशीर लागतो. आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ १०८ ला फोन.

रोहन: साठे काकांच्या ग्रुपात साखर हा शब्द लिहिला म्हणून मॅडमना काढून टाकतील आता

साठे काका: टवाळी करायचं वय आहे तुमचं, चालू द्या. रात्री दोनला जेवण मागवणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. स्कूटरवाला बेल चुकीची वाजवतो, उठतो आम्ही.

रोहन: काका तुम्ही तसेही ४:५० ला सुप्रभात टाकताच की

अभ्यंकर काकू ए-३०१: मी पहिल्यापासून सांगतेय, दर दोन तासांनी थोडं थोडं खावं. माझ्या बहिणीने तेच केलं.

साठे काका: दर दोन तासांनी खाल्लं तर इन्सुलिन सारखं स्रवत राहतं. हे मी शंभर वेळा पोस्ट केलंय. परत करतो.

कदम मॅडम: नको काका, प्लीज. तुमचं पथ्य चांगलं की वाईट हा मुद्दाच नाहीये. तुम्हाला डायबेटिस नाही, तुम्ही एकही गोळी घेत नाही. लिमये काका ग्लिमेपिराइड घेतात. ती डायबेटिसची गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, म्हणजे साखर खाली आणते, पोटात अन्न असो नसो. काकांनी नाश्ता बंद केला पण गोळी चालू ठेवली, उठल्या उठल्या घेतली की विसरायला होत नाही म्हणून, आणि तसेच चालायला गेले. जेवणाच्या वेळा बदलायच्या तर गोळीचा डोस आणि वेळ डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावी लागते. नाश्ता रद्द केला म्हणून गोळीला कुणी कळवत नाही ना.

देशपांडे काकू: ऐका.

साठे काका: मी सांगितलं होतं डॉक्टरांना विचारा म्हणून. लिमयेंनाच विचारा.

नाईक बी-१०४: दिवा असता तर लवकर दिसले असते. तीन महिने.

पाटील सेक्रेटरी: नाईक साहेब दिव्याची नोंद घेतली आहे.

नाईक बी-१०४: नोंद घेऊन उजेड पडत नाही.

शेख वहिनी बी-४०१: काकांच्या दाराला लागून आमचं दार आहे म्हणून बोलते. दोन महिन्यांपासून कुकरची शिट्टी ऐकू येत नाही त्यांच्याकडून. आधी संध्याकाळी सातला हमखास यायची. मी एकदा विचारलं पण, तर म्हणाले हलकं खातो आजकाल. मोकळे वाटले नाहीत बोलायला म्हणून मग मी जास्त नाही विचारलं.

अभ्यंकर काकू: लिमये काकूंचं माहेर वाईचं होतं.

नाईक बी-१०४: 🙏

(दुपारी)

साठे काका: *कोवळ्या उन्हात फक्त १५ मिनिटे बसा, ड जीवनसत्त्व मिळवा, हाडे मजबूत, मन प्रसन्न* जास्तीत जास्त लोकांना पाठवा

देशपांडे काकू: सकाळीच काय बोलले मी?

साठे काका: हे डाएट नाही, ऊन आहे.

कदम मॅडम: ऊन चांगलंच आहे, सकाळच्या उजेडाने झोपेचं घड्याळ ताळ्यावर राहतं ते वेगळं. पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात फारच कमी असतात, ते साधारण ११ ते २ मध्ये जास्त असतात. ए विंगच्या ओट्यावर सात वाजता शाल गुंडाळून बसून ड मिळत नाही.

अभ्यंकर काकू: आम्ही ड साठी बसत नाही, गप्पांसाठी बसतो.

रोहन: दुपारी १२ ला टेरेसवर पापडांबरोबर आपणही वाळत पडायचं

अभ्यंकर काकू: पापड वाळवायचे तर टेरेसची चावी पाहिजे ना. चावी चेअरमनसाहेबांकडे आणि चेअरमनसाहेब मुलाकडे बेंगलोरला.

पाटील सेक्रेटरी: चावीचा विषय एजीएममध्ये झालेला आहे. कृपया पुन्हा नको.

प्राजक्ता सी-५०३: कदम मॅडम, माझे बाबा पण सारखं विसरतात, पायाला मुंग्या येतात म्हणतात, चिडचिड तर विचारू नका. ६६ वय आहे. हे वयाचंच ना?

कदम मॅडम: वयाच्या नावावर टाकण्याआधी बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व एकदा तपासून घे गं. शाकाहारी आहेत, डायबेटिसची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, वरून रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी, ह्या तिन्हींनी बी-ट्वेल्व्ह कमी होतं, आणि आपल्याकडे बऱ्याचदा तिन्ही एकाच माणसाला असतात. झाडपाल्यात ते नसतंच, इडलीचं पीठ आंबवलं म्हणून होतं असंही धरू नका. दूध, दही, पनीर, अंडी, मासे, ह्यातून मिळतं. रिपोर्टमध्ये फारच कमी आलं तर नुसत्या खाण्याने भरून निघत नाही, डॉक्टर गोळ्या-इंजेक्शन देतात.

रोहन: म्हणजे अंडी. थँक यू मॅडम. हा मेसेज पिन करा कोणीतरी

अभ्यंकर काकू: अंड्यांवरून आठवलं, रविवारी ए विंगच्या लिफ्टमध्ये आमलेटचा वास कोंडलेला असतो. टरफलं ओल्या कचऱ्यात उघडी टाकतात. नाव घेत नाही.

रोहन: काकू टरफलं ओला कचराच असतो. लसणीच्या फोडणीचा वास पण सहाव्या मजल्यापर्यंत येतो, आम्ही काही म्हणतो का

अभ्यंकर काकू: लसणीची आणि अंड्याची बरोबरी करायची असेल तर बोलणंच खुंटलं.

शेख वहिनी: दिवाळीत माझ्या दारासमोर कुणीतरी धूप पेटवून ठेवून गेलं होतं. त्या दिवशी मी मासे केले होते. मी कुणाला विचारलं नाही.

(पाऊण तास कोणीच काही बोललं नाही)

पाटील सेक्रेटरी: उद्या पाणी सकाळी ८ ते १० येणार नाही. टाकी स्वच्छता.

नाईक बी-१०४: इलेक्ट्रिशियनला पण बोलवा मग. दिवा.

बुधवार

प्राजक्ता सी-५०३: कोणाला एकटं, उदास वाटत असेल तर टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. २०२२ पासून चालू आहे. लिमये काकांसाठी म्हणून नाही, सगळ्यांसाठीच टाकतेय 🙏

साठे काका: चांगली माहिती. मन प्रसन्न तर तन प्रसन्न. ह्यावर माझ्याकडे एक सुंदर व्हिडिओ आहे.

देशपांडे काकू: साठे.

साठे काका: (मेसेज डिलीट केला)

लिमये काका बी-४०२ (६:४०): सर्वांचे आभार. मी ठीक आहे. कालपासून सगळं वाचत होतो, माझ्या प्रकृतीवर परिसंवाद झाला फक्त मलाच बोलावणं नव्हतं. प्राजक्ता, मी वेडा नाही, पण नंबर लिहून ठेवलाय, रागावू नकोस. साठ्यांना कोणी बोलू नका, ते खरं बोलतायत, त्यांनी डॉक्टरांना विचारायला सांगितलं होतं, मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर दोन वेळचं पथ्य मला फार आवडलं कारण एका वेळचं करायचं वाचलं, आणि नंतर दुसऱ्या वेळचंही करवेना. एका माणसाचं वरण लावायचं म्हणजे कुकरचा सगळ्यात लहान डबा तोही अर्धा रिकामा, शिट्टी व्हायच्या आत भूक जाते. मग संध्याकाळी चहा आणि खारी. त्याला पथ्य म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. मुलगी व्हिडिओ कॉल करते रात्री, तिला दाखवायला रविवारी ताट वाढून घ्यायचो, तेच झाकून सोमवारी दाखवायचो. तिला कळलं असेल, कोशिंबीर तीच होती. देशपांडे वहिनी, वाईचं काय बोललो ते मला आठवत नाही. बोललो असेन तर माफ करा.

देशपांडे काकू: माफी कसली भावजी.

कदम मॅडम: काका रिपोर्टचं सांगू का?

लिमये काका: सांगा, आता काय राहिलंय. बी-ट्वेल्व्ह १२८.

कदम मॅडम: २०० च्या खाली कमी धरतात. डॉक्टरांनी इंजेक्शनं चालू केलीत आणि शुगरची गोळी बदललीय. हे विसरणं, मुंग्या, काही करावंसं न वाटणं ह्यात त्याचा हात असू शकतो, सगळा त्याचाच असं मी म्हणत नाही. दोन महिने चहा-खारीवर काढले त्यात स्नायूही गेलेत, खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो काकांना. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रोटीन लागतं. एक वाटी घट्ट वरणात सहा-सात, पातळ आमटीत त्याच्या निम्मं, मूठभर फुटाण्यात सहाएक, वाटीभर दह्यात पाच-सहा, आणि खारीत काय असतं ते बेकरीवाल्यालाच विचारा. चालणं चांगलंच पण आठवड्यातून दोन दिवस खुर्चीतून उठणं-बसणं हात न लावता दहा वेळा, भिंतीला रेटून ढकलणं, एवढं केलंत तरी पुरे सध्या.

रोहन: काका माझ्याकडे व्हे प्रोटीनचा डबा आहे, चॉकलेट फ्लेवर

कदम मॅडम: अजिबात नाही. किडनीचा रिपोर्ट बघितल्याशिवाय काही नको. आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नका काका, तासभर आधी नाही, तासभर नंतर नाही, लोह कमी शोषलं जातं.

लिमये काका: चहाच जेवण होतं त्यामुळे हा प्रश्न आला नव्हता.

शेख वहिनी: काका उद्यापासून संध्याकाळचा डबा मी देते. व्हेज वेगळ्या भांड्यात करते मी, काकूंना माहीत होतं.

देशपांडे काकू: सोमवार गुरुवार माझ्याकडे. यादी करू या.

अभ्यंकर काकू: शनिवार माझा. मुगाची खिचडी, कढी.

प्राजक्ता: मी एक्सेल शीट बनवते!!

लिमये काका: डबे नकोत. खरंच नकोत. डबा रिकामा परत द्यायचा नसतो आणि माझ्या घरात घालायला काही नसतं. ह्याच कारणासाठी शेख वहिनींचे दोन डबे माझ्याकडे मार्चपासून पडून आहेत, तोंड दाखवायला लाज वाटते.

शेख वहिनी: हाय अल्ला, मी म्हटलं निळ्या झाकणाचा गेला कुठे 😂

अभ्यंकर काकू: अहो रिकामा नको तर चमचाभर साखर घालून द्यायची, पद्धतच आहे.

लिमये काका: साखर साठ्यांनी जानेवारीतच घरातून काढायला लावली.

रोहन: 😂😂😂😂

साठे काका: हसा. मी लो शुगरसाठी थोडी ठेवा म्हटलं असतं, मला तेव्हा माहीत नव्हतं. लिमये, एक बोलतो. मी साडेसातला जेवतो. आमची ही सिरीयल लावून ताट घेऊन बसते, मी एकटाच टेबलवर. तुम्ही इकडे या नाहीतर मी माझं ताट घेऊन तिकडे येतो. भात मात्र नको.

लिमये काका: माझ्याकडे आलात तर भात असणार.

साठे काका: अर्धी मूद.

लिमये काका: एक. वर तूप. आठला इंजेक्शनवाली नर्स येते, त्याआधी उरका.

कदम मॅडम: 👍 साठे काका येताना ग्लुकोजचं पाकीट घेऊन या, काकांच्या खिशात एक आणि फ्रिजवर एक.

पाटील सेक्रेटरी: अतिशय स्तुत्य उपक्रम. सर्वांचे अभिनंदन. मात्र ग्रुपचा वापर

पाटील सेक्रेटरी: असो.

नाईक बी-१०४: साठे, साडेसातला जाल तेव्हा बी विंगच्या मागून जाऊ नका. पुढून वळसा घाला. का ते सगळ्यांना माहीत आहे.