मदत हवी आहे: 'वुई शॅल ओव्हरकम'ची चाल कुठली?

मंडळी, लेकीच्या शाळेत 'हम होंगे कामयाब' बसवतेय, आधी दोन मिनिटं मूळ गाण्याची गोष्ट सांगायचीय. १९४५-४६ला अमेरिकेत चार्ल्स्टनच्या सिगार कारखान्यात संप झाला, तेव्हा कामगार बायका 'वुई विल ओव्हरकम' गायच्या. टेनेसीतल्या हायलँडर या कामगार कार्यकर्त्यांच्या शाळेच्या झिल्फिया हॉर्टननी ते उचललं, लोकगायक पीट सीगरना शिकवलं. 'विल'चं 'शॅल' नंतर झालं. (गाऊन बघा, 'शॅल'ला तोंड छान उघडतं!)

अडलंय ते त्याआधीचं. चार्ल्स टिंडली या पाद्रींचं १९००च्या सुमाराचं चर्चगीत मूळ मानतात. शब्द जुळतात, पण चाल मला साफ वेगळी वाटते. मग ही चाल आली कुठून? चर्चसंगीत जाणणारं कुणी आहे का? जुनं रेकॉर्डिंग असेल तर प्लीज लिंक टाका, कार्यक्रम शनिवारी आहे.